पोटखिडकीचे पडदे

९ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, रोज संध्याकाळी बाबा काय करतात ते लिहून ठेवा. तारीख, वेळ, काय झालं. म्हणून ही वही. तारीख वर आहे. वेळ साडेसहा. काय झालं? रोज होतं तेच झालं, आणि माझं डोकं फुटायचं तेवढं राहिलं.

नीट लिहायला पाहिजे. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बसून लोकांच्या तक्रारी लिहून घेते. कुणाचा नळ कधी गेला, कुणाचं पाणी गढूळ आलं, सगळं मोजक्या शब्दांत. स्वतःची तक्रार लिहायला बसले तर चार ओळींत फाटे फुटतात.

तर, बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे. दारं-खिडक्या करण्यात जन्म गेला. आई जाऊन नऊ वर्षं झाली. मी एकटी, बावन्नची, बाबांबरोबर राहते. दिवसा मावशी येतात, त्या बाबांचं सगळं बघतात आणि मी आले की जातात. गेल्या वर्षापासून बाबांचं विसरणं वाढत गेलं. दिवसभर ठीक असतात. दिवे लागायच्या वेळेला बिनसतं.

पुढच्या खोलीची खिडकी बाबांनी स्वतः केलेली. ती भिंतीतून बाहेर आलेली आहे. मधे मोठी काच, दोन्ही अंगांना तिरक्या दोन. घरानं पोट पुढे काढल्यासारखं दिसतं म्हणून आम्ही तिला पोटखिडकी म्हणतो. त्या पोटात बाबांची खुर्ची. बाहेर जायचं दार लगेच शेजारी. बाहेर अंधार पडला, मी आत दिवा लावला, की बाबा काचेकडे बोट दाखवतात. "बाहेर उभी आहे. दार उघडा." मग कुलपाशी झटापट. सहा तारखेला मी किल्ली दारालाच विसरले आणि बाबा बाहेर. अनवाणी, पार कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, तिला पाहिलंत का. आईला शोधत असणार, बिचारे. रस्ता ओलांडताना एका गाडीनं कसाबसा ब्रेक मारला.

दादाला सांगायला नको होतं, पण सांगितलं. तो दुसऱ्या गावी असतो. त्यानं दोन दिवसांत अशा म्हाताऱ्यांच्या संस्थेत जागा बघून ठेवली. फोनवर म्हणाला, "चोवीस तारखेला येतो. चार दिवस राहतो. संध्याकाळी बाबा शांत बसले तर राहू देत घरी. नाहीतर मी घेऊन जाणार. ते गाडीखाली गेले तर तू आणि मी जन्मभर काय करणार?"

डॉक्टर म्हणतात, काचेत प्रतिबिंबं दिसतात, त्यांना ती माणसं वाटतात, घाबरतात. जाड पडदे लावा, फट राहू देऊ नका. एवढंच. पंधरा दिवस आणि एक खिडकी. तिला आजवर पडदा नाही, कारण बाबांनी त्या चौकटीला कधी खिळा मारू दिला नाही.

१० नोव्हेंबर

पडदे येईपर्यंत वर्तमानपत्रं चिकटवली. साडेसहाला बाबांनी एका टोकाला नख घातलं आणि सबंध पान सोलून काढलं, मग दुसरं. कारागिराचा हात तो, कुठे चिकटपट्टीचा डागसुद्धा ठेवला नाही. सगळी पानं घडी करून माझ्या हातात दिली. "धन्यवाद, बाई."

मला हसू आलं. मी घरात हुकूम सोडायला लागले की बाबा पूर्वीही बाईसाहेब म्हणून चिडवायचे. आता अहो-जाहोच सुरू केलंय. "तुम्ही बसा, तुम्ही दमला असाल." विसरण्यातसुद्धा चेष्टा सुटत नाही त्यांची.

११ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत पडद्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराला वाटलं मला रंग बघायचे आहेत, त्यानं शंभर कापडं पसरली. मी म्हटलं, मला अंधार हवाय. तो जरा दचकला.

खिडकीचं चित्र काढून दाखवलं तेव्हा त्यानं मान हलवली. "ताई, ही अवघड जात आहे. कापड काहीही घ्या, सगळा खेळ वरच्या दांडीचा." एक म्हणजे, पोटाच्या तोंडावर आडवी सरळ दांडी. म्हणजे बाबा पडद्यामागे आणि मी इकडे, नाटकातल्यासारखं. नको. दुसरं म्हणजे तीन काचांना तीन वेगळ्या दांड्या. तिसरं म्हणजे छताला लावायची वाकवलेली पट्टी. एकच सलग, दोन्ही कोपऱ्यांतून वळते, आतून चाकं फिरतात. पण ती मापानं करून घ्यावी लागते, वाकवणारा एकच माणूस आहे, चार-पाच दिवस सहज जातात. मी तीन दांड्या घेतल्या. उद्या मिळतात म्हणून. घाईत होते म्हणून. आणि मी कधीच कुणाचा सल्ला ऐकत नाही म्हणून.

१३ नोव्हेंबर

मिस्त्री येऊन गेला. त्या तीन दांड्या कोपऱ्यात एकमेकींना मिळतच नाहीत. टोकाची बोंडं एकमेकांवर आपटायला लागली, तेव्हा मिस्त्रीनं दांड्या कापल्या. आता दोन्ही कोपऱ्यांत चार-चार बोटांची फट. मिस्त्री म्हणाला, "एवढं चालतंय हो, कोण बघणार आहे त्यातून?"

कोण बघणार आहे! साडेसहाला मी आले, दिवा लावला, पर्स खांद्यावर तशीच ठेवून पडदे ओढले. बाबा उठले, सरळ डाव्या कोपऱ्यात गेले आणि फटीला डोळा लावला. मग वळून मला म्हणाले, "आहे. अजून उभी आहे. तुम्हाला माणुसकी आहे की नाही?"

बाबा आजवर माझ्याशी या आवाजात बोलले नव्हते. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी झटकला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. मावशींनी जाता जाता वर ऐकवलं, "तुम्ही येईपर्यंत शांत असतात हो. तुम्ही आलात की सुरू होतं." म्हणजे माझंच चुकतं! दिवसाला आठ तास दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि घरी येऊन हे.

१५ नोव्हेंबर

बाबांचं खाणं कमी झालंय, डॉक्टरांना सांगायला हवं. चहाबरोबर दोन बिस्किटं दिली तर एकच खातात, दुसरं रुमालात बांधून खिशात. "तिला राहू दे." रोज सकाळी मी त्यांच्या खिशातून चुरा काढते. आई दुपारच्या चहाला बिस्किट खायची खरी.

मी विचारलं, "बाबा, ती कशी दिसते?" डॉक्टर विचारू नका म्हणाले होते, पण राहवलं नाही. बाबा म्हणाले, "दमलेली." आणि काचेकडे बघत राहिले.

१६ नोव्हेंबर

आता ती वाकवलेली पट्टीच हवी. दुकानदार म्हणाला, माप अगदी बोटभरसुद्धा चुकता कामा नये. पट्टी एकदा वाकली की वाकली, ती मागे सरळ होत नाही. कुठून कुठपर्यंत सरळ आणि कुठे वळण, ते तुम्ही लिहून द्या.

माझी पोलादी फीत तिरक्या कोपऱ्यात नीट बसेना, तिचं टोक सारखं सुटायचं. मग बाबांच्या पेटीतून त्यांची लाकडी घडीची पट्टी काढली. साठ वर्षांची चीज, जाईल तिथे ताठ बसते. स्टुलावर चढून तीनदा मापं घेतली. डावी बाजू पंचाण्णव, मधली एकशे बहात्तर, उजवी पंचाण्णव. तिन्ही वेळा तीच. मी एवढं काळजीपूर्वक आयुष्यात काही केलं नसेल.

बाबा खाली खुर्चीत बसून बघत होते. अगदी शांत, दुपारची वेळ होती. मी आकडा मोठ्यानं म्हटला की मान हलवायचे. "दहा सोडा," म्हणाले. मी म्हटलं, हो बाबा, सोडले. जरा वेळानं परत, "बाई, दहा सोडलेत ना?" मी म्हटलं, हो, हो. कुठलं काय डोक्यात येईल सांगता येत नाही. बरं वाटलं पण. त्यांच्या पट्टीनं, त्यांच्या खिडकीचं माप, आणि ते शेजारी. खूप दिवसांनी आम्ही दोघांनी मिळून काही केलं.

१८ नोव्हेंबर

दादाचा फोन. तिथली खोली स्वच्छ आहे, बाग आहे, दारं आपोआप बंद होतात. मी म्हटलं, पट्टी वीस तारखेला येणार आहे. तो म्हणाला, "कसली पट्टी?" मी समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू जेवतेस ना?"

२० नोव्हेंबर

पट्टी आली आणि बसत नाही.

तिन्ही बाजू दहा-दहा सेंटिमीटर जास्त. कडेच्या कापता येतील, मधल्या बाजूचं काय करायचं? दोन वळणांमधलं अंतरच जास्त आहे. वळण कोपऱ्यात बसवावं तर दुसरं भिंतीत घुसतं. मिस्त्री दोन्ही हातांनी ती धरून उभा, मी खाली, आणि बाबा खुर्चीतून आमच्याकडे आळीपाळीनं बघताहेत.

मी बाबांची लाकडी पट्टी परत लावून बघितली. एकशे बहात्तर. मग ती उलटी केली आणि पहिल्यांदा तिच्या टोकाकडे नीट बघितलं. ती शून्यापासून सुरूच होत नाही. दहापासून होते. पहिला तुकडा तुटलेला आहे, मोडलेली कड इतकी गुळगुळीत झालीये की मुळातच तशी केली असावी असं वाटतं. आणि मग मला बाबांचं जुनं दुकान आठवलं. भुशाचा वास, दोन कारागीर, आणि बाबा शिडीवरून ओरडताहेत, "दहा सोडून! दहा सोडून लिही!" मी जन्मायच्या आधी ती पट्टी दारात सापडून मोडली होती. बाबांनी नवी घेतली नाही, आयुष्यभर प्रत्येक मापातून दहा वजा करत राहिले. त्यांच्या हाताखालच्या माणसांनाही तीच सवय.

मला सांगितलं होतं त्यांनी. दोनदा सांगितलं होतं. सगळ्या घरात त्या दिवशी एकच माणूस शुद्धीवर होता आणि तो मी नव्हते.

मी खाली बसले, जमिनीवर, आणि म्हटलं, संपलं. बाबा वाकून म्हणाले, "होतं असं. नव्या माणसाचं होतं."

२१ नोव्हेंबर

सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन दारात उभी राहिले. दुकानदार म्हणाला, पाच दिवस. मी म्हटलं, तेवीसला संध्याकाळी हवी. तो म्हणाला, अशक्य. मग मी त्याला सगळं सांगितलं. कचेरीत लोक माझ्यासमोर जसं बोलतात, तसं. न थांबता, नको ते तपशील देऊन, नाक पुसत. तिथे मी अशा लोकांना म्हणते, मुद्द्याचं बोला. दुकानदार तसं म्हणाला नाही. त्यानं वाकवणाऱ्याला फोन लावला आणि पलीकडे गेला बोलायला.

पंच्याऐंशी, एकशे बासष्ट, पंच्याऐंशी. मी ते त्याच्या समोर चार वेळा वाचून दाखवलं.

२३ नोव्हेंबर

बसली! दोन्ही वळणं कोपऱ्यात जशी काय तिथेच उगवली. मिस्त्रीनं छताला भोकं पाडली, मी खालून स्क्रू देत होते. चाकं कोपऱ्यातून कुरकुर न करता वळतात. पडदा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सलग. मधे दोन पडदे भेटतात तिथे मी पिना लावल्या. उन्हाची रेघसुद्धा आत येत नाही. मिस्त्री खाली उतरून म्हणाला, "काम झालं बघा."

साडेसहाला परीक्षा. बाबा उठले, पडद्यावरून हात फिरवत डावीकडून उजवीकडे गेले, परत आले. वर्तमानपत्रांसारखेच ते पडदेही उतरवतील असंच वाटत होतं. पण ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, उघडायची परवानगी आहे का?"

मी म्हटलं, "आता नाही. सकाळी उघडू."

"बरं," म्हणाले आणि जाऊन बसले. बरं! ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, त्यानं माझं ऐकलं! मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच नाचले, बावन्नाव्या वर्षी.

२४ नोव्हेंबर

दादा आला. बाबांनी त्याला लगेच ओळखलं, पाठीवर हात ठेवला. संध्याकाळ आली आणि गेली. बाबा खुर्चीत हातावर हात ठेवून बसले होते. दादा घड्याळ बघत होता, मी दादाला बघत होते. साडेसात वाजले तेव्हा तो म्हणाला, "मानलं तुला." दादाच्या तोंडून हे ऐकायला मला अर्धं शतक लागलं.

२५ नोव्हेंबर

आजही शांत. कुलपाकडे बघितलंसुद्धा नाही. दादा म्हणाला, हे असंच राहिलं तर मी जागा सोडून देतो.

बाबांनी चहा घेतला नाही. दोन्ही बिस्किटं रुमालात गेली. जेवणही ताटात तसंच. मावशींना वाटतं दात दुखत असेल. मी खुर्चीशी वाकून बघितलं तर गाल पडद्याला लावून बसले होते, डोळे उघडे. दार वाजलं की कान टवकारल्यासारखं करतात, मग परत तसेच. शांत आहेत ना, मग मला का बरं वाटत नाहीये? मीच कटकटी आहे. सुख टोचतं मला.

२६ नोव्हेंबर (लिहितेय सत्तावीसला सकाळी. काल हात चालला नाही.)

साडेसहा वाजता बाबा, दादा आणि मी, तिघंही पुढच्या खोलीत होतो. मी बाबांना दूध पाजायच्या प्रयत्नात. त्यांनी पेला बाजूला केला आणि दादाला म्हणाले, "तुला काही कळलं का रे तिचं?"

"कुणाचं, बाबा?"

"यायची बंद झाली. तीन दिवस झाले. रोज यायची. संध्याकाळी, कामावरून थेट, खांद्याला पर्स. काचेबाहेर उभी राहायची आणि आत बघायची. दार कुणी उघडायचंच नाही तिला. किल्ली या बाईंकडे असते. मी सांगून सांगून थकलो."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी खुणेनं म्हटलं, आई. त्यानं हळूच विचारलं, "आईबद्दल बोलताय का?"

बाबा त्याच्याकडे असे बघत राहिले, जसं काही वेड दादालाच लागलंय. "तुझी आई गेली. नऊ वर्षं झाली. विसरलास?" मग त्याच्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "तुझ्या बहिणीबद्दल बोलतोय."

माझ्या हातात दुधाचा पेला होता. तो मी खाली ठेवला नाही, सांडलाही नाही. नुसती उभी राहिले. बाबा माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. "तुमचा दोष नाही, बाई. तुम्हाला सांगितलेलं काम तुम्ही करता."

दिवा लावल्यावर काचेत मी दिसायचे. त्यांच्या खुर्चीमागे, पर्स खांद्याला, दमलेली. ते घाबरत नव्हते. मला आत घ्यायला धडपडत होते. सहा तारखेला अनवाणी रस्त्यावर गेले ते माझ्यासाठी. रोज अर्धं खाऊन उरवत होते ते माझ्यासाठी. आणि मी, त्यांच्या मागे उभी राहून, त्यांचा हात कुलपावरून ओढून काढत होते. त्यांना मुलगी फक्त काचेत भेटायची, आणि ती मी पंच्याऐंशी, एकशे बासष्ट, पंच्याऐंशी असं माप घेऊन झाकून टाकली.

दादा म्हणाला, "तुला ठाऊक होतं, ते तुला ओळखत नाहीत?" मी म्हटलं, "चेष्टा करतात असं वाटायचं." ते म्हणताना मला माझीच लाज वाटली. कधीपासून? ते अहो-जाहो करायला लागले तो दिवस कुठला? मला आठवत नाही. मी लिहून ठेवला नाही.

२७ नोव्हेंबर

साडेसहा वाजता मी पडद्याच्या पिना काढल्या. दादा म्हणाला, "काय करतेस? परत सुरू होईल सगळं. मग मला त्यांना न्यावं लागेल. तूच चोवीस तास राबलीस ना यासाठी?"

"माहीत आहे."

"तीन दिवस शांत आहेत ते."

"शांत नाहीत, दादा. त्यांनी आशा सोडलीये."

मी गळ्यातली किल्ली काढून त्याला दिली, पर्स खांद्याला लावली आणि स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर पडले. घराला वळसा घालून पोटखिडकीपुढे जाऊन उभी राहिले. बाहेर गार वारा होता. दादानं आत दिवा लावला आणि सगळी खोली उजळली. बाबा खुर्चीत, मान खाली. मी काचेच्या अगदी जवळ गेले, आतला उजेड माझ्या तोंडावर पडला. टकटक करावी का ते कळेना. आपल्याच घरासमोर भिकाऱ्यासारखी उभी होते आणि भीती वाटत होती, की यांनी मान वर केली आणि मी काचेपलीकडची कुणीतरीच निघाले तर?

त्यांनी मान वर केली.

बाबा एवढ्या झटकन उठलेले मी दोन वर्षांत पाहिले नव्हते. कुलूप खडखडलं, दादाचा किल्ली घेतलेला हात मधे आला, दार उघडलं. "रंधा! अगं, किती वेळ उभी आहेस?" लहानपणी मला रंधा म्हणायचे, माझी जीभ सगळ्यांना तासते म्हणून. चाळीस वर्षांत कुणी ते नाव घेतलं नव्हतं. माझे हात हातात घेऊन म्हणाले, "गार पडलीस की. ये आत. या लोकांना मी कधीचा सांगतोय." मग खिशातून रुमाल काढला. बिस्किटांचा पार भुगा झाला होता. मी तो तळहातावर घेऊन सगळा खाल्ला. ते बघत होते. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

वीस मिनिटं मी त्यांची मुलगी होते. कामावर काय झालं ते विचारलं, साहेबाला शिव्या दिल्या, माझे केस पांढरे झाले म्हणून हळहळले. मग मी पाणी आणायला आत गेले आणि परत आले, तर म्हणाले, "ठेवा तिथे, बाई. माझी मुलगी आत गेलीये, तिलाही द्या."

मी आत जाऊन दिलं. म्हणजे आत जाऊन मीच प्यायले, आणि तिथेच थोडा वेळ बसले.

२८ नोव्हेंबर

दादा दुपारच्या गाडीनं गेला. जायच्या आधी त्यानं माझ्यासमोर संस्थेत फोन केला. म्हणाला, जागा दुसऱ्या कुणाला द्या.

मग मला म्हणाला, "किती दिवस करशील हे असं बाहेर उभं राहणं?"

"ते दार उघडतील तोवर."

"आणि नाही उघडलं तर?"

"तू नको तिथे डोकं लावू नकोस."

तो हसला. "जीभ तशीच आहे. दमलीस की सांग, हट्टापायी मरू नकोस." वाकून बाबांच्या पाया पडला आणि डोळे पुसत गेला. मी कायम त्याला व्यवहारी म्हणत आले. बाबांनी मात्र त्याला काल एकदाही अहो म्हटलं नाही. त्याचा मला हेवा वाटला, आणि हे मी फक्त इथेच लिहू शकते.

३० नोव्हेंबर

जमतंय. मावशींना शिकवून ठेवलंय. मी काचेपुढे आले की त्यांनी दिवा लावायचा, किल्ली फिरवून बाजूला व्हायचं, दार बाबांनी उघडायचं. काल पंधरा मिनिटं मिळाली, आज दहा. बाबा दोन्ही वेळा जेवले. डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, अशी पद्धत त्यांनी कुठे ऐकलेली नाही. पडदे दोन्ही भिंतींना सारून ठेवलेत. चांगले दिसतात तसे.

२ डिसेंबर

आज कचेरीत उशीर झाला. साडेसात वाजून गेले होते. वाटेत मी जवळजवळ पळत होते. घरात दिवा नव्हता, वीज गेली होती आमच्या बाजूची. बाबा काचेशी उभे होते, मी समोर गेले, त्यांनी मला पाहिलं. कुलूप वाजलं. दार उघडलं.

"कोण हवंय?" बाबा म्हणाले.

मागे मावशी उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर हात घेतला. मी हातानंच सांगितलं, तुम्ही निघा. त्या गेल्या.

"बाबा, मी आलेय," मी म्हटलं.

त्यांनी माझा चेहरा नीट बघितला. अगदी मनापासून प्रयत्न केला, ते मला दिसलं. लाकडाच्या रेषा बघायचे तसे डोळे बारीक करून. मग ओशाळल्यासारखं हसले. "माफ करा हं. तुम्ही माझ्या मुलीला भेटायला आलात का? ती अजून यायचीये."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"मग आत या की. थंडीत कशाला उभ्या राहता? येईलच ती एवढ्यात."

त्यांनी मला पोटखिडकीतली खुर्ची दिली आणि स्वतःला स्टूल ओढून घेतलं. जरा वेळात वीज आली, आतल्या खोलीत उजेड पडला. मी विचारलं, इथला दिवा लावू का. नको म्हणाले, आत दिवा लावला की बाहेरचं काही दिसत नाही. मी विचारलं, मुलगी कशी आहे तुमची. बाबा म्हणाले, "तिखट आहे जरा. पण येते. रोज येते."

मग रुमाल सोडला, एक बिस्किट तिच्यासाठी बाजूला ठेवलं आणि दुसरं मोडून अर्धं मला दिलं. आम्ही दोघं काचेकडे तोंड करून अंधारात माझी वाट बघत बसलो.